उशाखालच्या चपला

गाडी आनेकलच्या फाट्यावरून आत वळली तशी गंगव्वाने वाकून पायांतल्या चपला चाचपल्या.

"आहेत हो अव्वा, आहेत!" सून पवित्रा हसली. "कुणी नेत नाही तुमच्या चपला."

घरात हा चेष्टेचाच विषय होता. म्हातारी रोज चपला उशाखाली घेऊन झोपायची. कितीही सांगा, ऐकेल तर शपथ! पण तिची ऐन उमेदीची वर्षं दगडखाणीत गेली होती. तिथे दिवस मावळला की मुकादम पोतं घेऊन यायचा, सगळ्यांच्या चपला त्यात भरायचा आणि उजाडेपर्यंत कुलपात ठेवायचा. भोवती नुसत्या धारदार कपच्या. अनवाणी माणूस पळून पळून जाणार कुठे? एके दिवशी सरकारी जीप आली आणि सगळी सुटली. तेव्हापासून तिला ना धड हसू फुटायचं, ना रडू.

लहानपणी तिचा मुलगा मंजुनाथ हीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागायचा. "अव्वा, पोतं केवढं होतं? गाठ कशी मारायचा?" ती भरवता भरवता सांगायची. शेवटी म्हणायची, "बाळा, काही कर, पण कुणाच्या हाताखाली राबू नकोस." आयुष्यात तिने मागितलं ते एवढंच.

आणि तो राबला नाही. आज त्याच्या स्वतःच्या शेडची पूजा होती. इलेक्ट्रॉनिक सिटीतले जुने कॉम्प्युटर इथे आणून फोडायचे, आतलं तांबं वेगळं काढायचं, असा धंदा.

"सांभाळून, अव्वा. काचा आहेत," म्हणत मंजुनाथने तिला हात धरून उतरवलं. आवारभर फुटक्या पडद्यांचा चुरा पसरला होता.

शेडच्या दाराशी चपलांचा हा एवढा ढीग! गंगव्वाच्या जिवाला बरं वाटलं. पोराने माणसं जोडली म्हणायची. तिनेही आपल्या चपला काढल्या, पण सवयीने लांब, भिंतीच्या कडेला ठेवल्या.

आत पूजेपुढे पाहुणे बसले होते. मागे भिंतीला टेकून कामगार पोरं-पोरी उभी होती.

"कुठली रे ही?" गंगव्वाने मंजुनाथला विचारलं.

"लांबची, ईशान्येकडची. गावात दोन जमातींत पेटलंय. यांची घरंदारं जळाली. परत जायला जागा नाही बिचाऱ्यांना."

"बोलतात काय?"

"ना कन्नड, ना मराठी. हिंदी आपलं स्वल्प स्वल्प."

गंगव्वाची माणसंही अशीच, सीमेवरची. इकडे आली की मराठी ठरायची, तिकडे गेली की कानडी, आपलं म्हणणारं कुणीच नाही. खाणीतही मालक त्यांना नावाने हाक मारत नसे. तिने उठून एका पोरीच्या हातावर पेढा ठेवला. पोरीने आधी मंजुनाथकडे पाहिलं, त्याने मान हलवली, मग तिने खाल्ला. काय शिस्त लावलीय बाई, गंगव्वाच्या मनात आलं. पोरगा मालक झाला तो झाला, वर निराधारांना आसरा देतोय. जन्माचं सोनं झालं. आता तरी डोळ्यांत पाणी येईल असं तिला वाटलं. आलं नाही.

आरती झाली. पाहुणे जेवून, विडा खाऊन एकेक करत गेले. ऊन उतरलं. पवित्रा उरलेल्या प्रसादाचे डबे गाडीत ठेवायला गेली. गंगव्वा दाराशी आली, तर चपलांचा ढीग जवळजवळ होता तेवढाच.

"अरे मंजू, पाहुणे अनवाणीच गेले की काय?"

मंजुनाथ हसला. पोरं-पोरी आतच असताना त्याने शेडचं दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली. मग कोपऱ्यातलं पोतं झटकून उकिडवा बसला आणि एकेक जोड आत टाकू लागला.

"अव्वा, तुझ्या तेवढ्या घालून घे," तो म्हणाला. "चुकून यात गेल्या तर सकाळशिवाय मिळायच्या नाहीत."