सहावं मिनिट

लॅपटॉप मिटून हेमांगी म्हणाली, "आई, उद्यापासून माझे व्हिडिओ बंद."

भागूबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. सून कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, आणि मुलं मोबाइलवरचे धडे कसे पाहतात यावर पीएचडी करत होती; त्यासाठी स्वतःच धड्यांचे व्हिडिओ करून टाकायची. मुलं दोन मिनिटांत पळ काढतात, एवढंच तिला वर्षभरात कळलं होतं.

"एकच मूल शेवटपर्यंत पाहतं. चौथा धडा एक्केचाळीस वेळा पाहिलाय त्याने. नाव दिसत नाही. पण त्या बिचाऱ्यालाही माझं शिकवणं कळत नसणार."

दुसरीपर्यंतच शिकलेल्या भागूबाईंनी सरपंचालाही धाकात ठेवलं होतं. 'मला कळलं नाही' हे त्या जन्मात कुणापुढे म्हणाल्या नव्हत्या. पण सुनेचं एवढंसं झालेलं तोंड त्यांना बघवेना.

"ते मूल म्हणजे मी," त्या मेथी निवडत म्हणाल्या. "शेवटी तूच सांगतेस, समजलं नसेल तर पुन्हा पाहा. मास्तरीणबाईंचं ऐकायचं नाही होय?"

"एक्केचाळीस वेळा?"

"मग काय. पाच मिनिटं झकास समजतं. कांद्याच्या भावापर्यंत नीट असतेस. सहाव्या मिनिटाला ती वाकडी रेघ काढतेस आणि जी सुटतेस, ती मागं कोण राहिलं बघतच नाहीस."

हेमांगीने लॅपटॉप उघडला, सहावं मिनिट लावलं आणि मेथीच्या ढिगाशेजारी मांडी घातली.

"दाखवा आई, नेमकी कुठं सुटले?"

"आधी मेथीला हात लाव," भागूबाई म्हणाल्या, "आणि हळू बोल."