जंगलासाठी बॅटरी

वनरक्षक म्हणून रुजू व्हायला दोनच दिवस उरले होते. सुलभा कोल्हापूरच्या एका दुकानात टॉर्च बघत होती आणि तिचे वडील, दगडूआण्णा, शेजारी उभे होते. तीस वर्षं वनमजुरी केलेल्या त्या माणसाला पोरीचं जंगलात जाणं पसंत नव्हतं. महिनाभर ते तिच्याशी धड बोलले नव्हते. आज मात्र सकाळी न सांगता एसटीत येऊन बसले होते.

दुकानदाराने सगळ्यांत महागडी टॉर्च पुढे केली. सुलभाकडे तेवढे पैसे नव्हते. तिने हजाराच्या आतली एक काळी, जाडजूड एलईडी टॉर्च उचलली.

“दे इकडं,” आण्णा एकदम म्हणाले.

त्यांनी डोळे मिटून मागचं बटण दाबलं आणि झोत अंधाऱ्या माळ्यावर टाकला. कोपऱ्यातल्या खोक्यावरची बारीक अक्षरंसुद्धा दिसली.

“पाण्यात चालंल?”

“खुशाल बुडवा,” दुकानदाराने बादली दिली. पाण्यातून काढली तरी टॉर्च लख्ख जळत होती.

“हीच घे. गवा समोर आला की बटण हुडकायला वेळ नसतो. हिचं आपसूक अंगठ्याखाली येतंय.”

सुलभाने टॉर्च हातात घेतली. “म्हणजे, जाऊ मी?”

“जा की. पण उजेड गव्याच्या डोळ्यांवर नको, पायांपुढं टाक.”

स्टँडवर आण्णा एकेक पाणवठा सांगत राहिले, ती विचारत राहिली. गावची एसटी लागली, भरली आणि सुटूनही गेली. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.