फुकटचा स्ट्रायकर

उंब्रजच्या फुटबॉल क्लबनं पहिल्यांदाच अंतिम सामना गाठला होता आणि पोरांचा एकच हट्ट चालला होता: बाहेरून एक तगडा स्ट्रायकर पैसे देऊन आणू. अध्यक्ष लालासाहेब ऐकेनात.

"क्लबला झेपंल तेवढंच करायचं. आमचं जावई कोल्हापुरात खेळत्यात की. घरचा माणूस, फुकटात येतोय."

सामन्याच्या सकाळी जावई यशराज आला आणि बिचकत म्हणाला, "मामा, मला दोन केळी बास."

सासूबाई चंद्राबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. "आवं, जावयाला केळ्यावर धाडायचं व्हय?"

मग मटण शिजलं. लालासाहेब स्वतः शेजारी बसून वाढत राहिले. "घ्या पावनं, एवढं एकच." यशराजला सासऱ्याचा शब्द मोडवेना.

दुपारी मैदानात तो पळत नव्हता, चालत होता. मध्यंतरानंतर चालणंही थांबलं.

उंब्रज हरलं. पोरं अध्यक्षांभोवती गोळा झाली. लालासाहेबांनी घसा खाकरला.

"पुढल्या साली किती का खर्च हुईना, बाहेरचाच आणू. त्याला उपाशी तरी ठेवता येतंय."