हबर्ट पेनीची हजेरी

बोटीचा म्हातारा कप्तान हबर्ट पेनी कंपनीच्या भागधारकांच्या सभेला आला खरा, पण जिना काही चढवेना. नाकात ऑक्सिजनची नळी, छाती लोहाराच्या भात्यासारखी. शेवटी हॉलखाली गाडीतच बसला आणि बोटीवरचा रेडिओ हातात धरला. फोन म्हणाल, तर कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीत रेंज कधी आलीच नाही. दुसरा रेडिओ वर, सभेच्या टेबलावर; तिथलं बोलणं खाली ऐकू जावं म्हणून बटण दाबून ठेवलेला.

ठराव एकच: कंपनीचा मासळीचा कारखाना बाहेरच्यांना विकायचा. विकला की टाळं लागणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गावातल्या साठ घरांची चूल त्यावर. हबर्टचे शेअर विरोधात गेले, तरच विक्री अडणार. प्रॉक्सी त्यानं दिली नव्हती. आपलं मत दुसऱ्याच्या हाती पाठवायची त्याला लाज वाटे.

अध्यक्ष लिअँडर नोजवर्दीनं शहरातून वकील आणला होता. तो म्हणाला, "फोन किंवा अन्य साधनानं सभेत भाग घेता येतो, कबूल. पण कायदा म्हणतो, सगळ्यांना एकमेकांशी नीट बोलता आलं पाहिजे. रेडिओवर एका वेळी एकच बोलणार. बटण दाबलं की समोरचं ऐकूही येत नाही. याला काय नीट म्हणतात?"

चिटणीस ड्रुसिला हिस्कॉक. पंधरा वर्षं त्याच कारखान्यात मासे कापणारी.

"साहेब, एकच शब्द उचलून कसं चालेल? मागची-पुढची कलमं वाचा की. सभासदाला प्रश्न विचारता यावा, उत्तर ऐकता यावं, मत देता यावं, यासाठी सभा. तेवढं जमलं की नीट झालं. माझा नवरा वादळातून घरी आला तो याच रेडिओवर बोलत."

सगळे लिअँडरकडे बघू लागले. विक्रीत सगळ्यात मोठा वाटा त्याचा. त्यानं टक्कल खाजवलं.

"त्या रात्री किनाऱ्यावरून त्याच्याशी मीच बोलत होतो," तो म्हणाला. "आता नीट ऐकू येत नव्हतं असं कुठल्या तोंडानं म्हणू? हबर्ट हजर आहे. लिहून घे, ड्रुसिला."

मग रेडिओ उचलला. "स्किपर, तुमचं मत?" म्हणाला आणि बटण सोडलं.

"विरोधात." दम खाल्ल्याचा आवाज. "आणि लिअँडर, पोरा, मला सभेत धरलंस. उपकार झाले तुझे."

ठराव पडला. ड्रुसिलाला रडू आवरेना, आणि तिनं ते आवरलंही नाही.

हबर्टनं चॅनेल सगळ्या बोटींचं नेहमीचंच लावलं होतं. समुद्रावरच्या बोटींनी अख्खी सभा ऐकली होती.

"थँक्यू, स्किपर," एका बोटीवरून आवाज आला. तो संपल्यावर दुसरीवरून. मग तिसरीवरून. जो तो आपल्या पाळीची वाट बघत होता.

वकील बॅग उचलून निघालाच होता. सगळ्या बोटींचं बोलून होईपर्यंत तोही दारात थांबला.