खालचा खण

जुन्या स्पोर्ट्स कारवर त्याचा भारी जीव, आणि तिच्या मागच्या चाकांची घरघर महिनाभर त्याचं डोकं खात होती. गॅरेजवाल्या मित्राने युक्ती सांगितली, "नवी बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. गारठून आकसतात, मग चाकात अलगद बसतात." त्याने फ्रीजर उघडला, तर वरचा खण गच्च भरलेला. कसल्यातरी पिशव्या होत्या. नीट न बघताच त्या उचलून त्याने मागच्या बाल्कनीत ठेवल्या.

सकाळी बायको बाळंतपणाची रजा संपवून कामावर गेली. बाबागाडी कारशेजारी लावून तो कामाला भिडला. दोन्ही बेअरिंग हातोडा न लावता बसली. "बघ चिमणे, तुझ्या बापाचा हात!" म्हणत तो वळला, तर पोरीने भोकाड पसरलेलं.

तेवढ्यात बायकोचा फोन. "रडतेय ना? भूक लागली असेल तिला. फ्रीजरमध्ये माझ्या दुधाच्या पिशव्या आहेत, एक कोमट करून पाज. रोज पहाटे उठून साठवलंय रे."

पोरीला कडेवर घेऊन तो बाल्कनीत धावला. पिशव्या उन्हात तापल्या होत्या. एक फुटून आंबट वास सुटला होता. ग्रीसने बरबटलेल्या हातात फोन तसाच होता.



"ऐकतोयस ना? आणि हो, तुझ्या बेअरिंगसाठी खालचा खण मी मुद्दाम रिकामा करून ठेवला होता, दिसला ना?"