सपाट पिकअप

"पिकअपचं मागचं अंग उंच आहे, ते तसंच राहू दे," असं नवऱ्यानं गुजरातला कामाला जाताना बजावलं होतं. पण मोकळी गाडी नाक खाली घालून चालते म्हणून गावानं चिडवलं, आणि मालननं गॅरेजात पुढची बाजू उचलून घेतली. गवंड्यानं पाणसळ लावून बघावी इतकी सपाट.

आज मागं पाण्याचा टँकर जोडला, तर गाडीचं नाक आभाळाकडे! चढावर पुढची चाकं जमीन धरेनात. ती घाबरून विहिरीवर परतली. मोकळी असताना सरळ, ओझं घेतल्यावर वाकडी. देवा, हे कसलं?

"अहो वहिनी, वजन पडलं की मागचं बसणारच. म्हणून तर ते उंच होतं!" गॅरेजवाला फोनवर हसला. "आणा इकडं, संध्याकाळपर्यंत पुढचं परत खाली उतरवून देतो."

संध्याकाळ? वरच्या वाडीत पाण्याचा थेंब नव्हता आणि दुपारी बारसं होतं. 'पाणी मी आणते,' असा शब्द तिनं बाळंतिणीला दिला होता.

तिनं टँकरमधलं अर्धं पाणी विहिरीत परत सोडलं. दोन खेपा होतील, होऊ देत. देवीचं नाव घेऊन तिनं पहिला गिअर टाकला.