स्टँड

अर्धाच भरलेला चहाचा कप. टोपलीत कधीचं अडकून पडलेलं विणकाम. बटणं काढून चेन लावलेला स्वेटर. टेबलावर फोनचा चकचकीत स्टँड.

तीन देशांत शिकवणारा, वैद्यकीय संशोधनात नाव काढलेला लेक बऱ्याच वर्षांनी घरी आला होता. आईने कप दोन्ही हातांनी धरला, तरी चहा बशीत सांडला.

"आई, हे कधीपासून?"

"अरे, वय झालं की व्हायचंच. तू दमून आलायस, आधी खाऊन घे."

तो बहिणीकडे वळला. "ताई, मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय, प्रोफेसरसाहेब? रोज व्हिडिओ कॉलवर बघतच होतास की! वर तिच्यावरच खेकसायचास, 'आई, फोन हलवू नकोस गं, मला गरगरतं.' शेवटी तूच हा स्टँड पाठवलास. केवढी खूश झाली होती! म्हणाली, चला, आता लेकाला त्रास नाही."

"पुरे गं," आई म्हणाली. "त्याला काय एक काम आहे?" आणि तिने दोन्ही हात शालीखाली घेतले.

त्याला मान वर करवेना.

 

तो स्टँड त्याला एका परिषदेत भाषणाबद्दल भेट मिळाला होता. विषय होता, फोनवरच्या साध्या व्हिडिओतून हातांचा कंपवात सुरुवातीलाच कसा ओळखावा.